सोळासमोर दहा : एक प्रस्तावना

पत्त्यांचा एक कॅट आणि डबाभर चिंचोके एवढ्या सामानावर मी संभाव्यतेचा एक वर्ग घेतो. प्रत्येकाला वीस चिंचोके मिळतात, पाने मी वाटतो आणि खेळ असतो ब्लॅकजॅकचा. मागच्या खेपेला एका मुलीच्या हातात दश्शी आणि छक्की आली. माझ्यासमोर राजा उघडा, दुसरे पान झाकलेले. तिच्याकडे सोळा, माझ्याकडे कदाचित वीस. तिने बराच वेळ पानांकडे पाहिले आणि म्हणाली, ‘‘सर, द्या एक.’’ नव्वी आली. पंचवीस झाले, चिंचोके गेले. मागच्या बाकावरून लगेच निकाल आला : ‘‘थांबायला हवं होतं!’’ पुढच्याच डावात शेजारच्या मुलाला नव्वी-सत्ती लागली. पुन्हा सोळा, आणि माझ्यासमोर या वेळी गुलाम. तो शहाणा झाला होता, थांबला. मी झाकलेले पान उलटले तर नव्वी निघाली. माझे एकोणीस, त्याचे सोळा. बाक तोच, आवाज तोच : ‘‘घ्यायला हवं होतं!’’

दोन्ही वेळा वर्गाने न्याय केला तो पान पाहून. पान दिसण्यापूर्वी काय करायला हवे होते, हे कोणी विचारलेच नाही. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे. ब्लॅकजॅकच्या जगात त्याला ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात. आपण तिला मूलतंत्र म्हणू या, किंवा नुसता ‘तक्ता’, कारण ती शेवटी एका तक्त्यातच मावते. वर डीलरच्या उघड्या पानाचे दहा रकाने, डावीकडे आपल्या हातातली पाने, आणि प्रत्येक चौकोनात एकच शब्द : घ्या, थांबा, दुप्पट करा, जोडी फोडा किंवा डाव सोडा.

रमी, तीन पत्ती, मेंढीकोट किंवा गणपतीच्या जागरणातला बदाम सात खेळलेल्या माणसाला ब्लॅकजॅकचे नियम दहा मिनिटांत कळतात. बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण ओलांडायची नाही. ओलांडली की आपण फुटलो. राजा, राणी, गुलाम हे सगळे दहाचे. एक्का एकाचा किंवा अकराचा, जसा सोयीचा पडेल तसा. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचे पान आले तर तो ब्लॅकजॅक, आणि त्याला दीडपट पैसे. आपण दुप्पट लावू शकतो, सारख्या पानांची जोडी फोडून दोन डाव करू शकतो आणि काही ठिकाणी अर्धी रक्कम देऊन डाव सोडूनही देऊ शकतो. डीलरला यातले काहीच करता येत नाही. सोळा किंवा कमी असतील तर त्याने पान घ्यायचे, सतरा झाले की थांबायचे.

या शेवटच्या वाक्यावर सगळे शास्त्र उभे आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळू. तीन पत्तीत समोरचा माणूस थाप मारतो, चेहरा लपवतो, घाबरवतो. ब्लॅकजॅकचा डीलर यातले काही करत नाही, कारण त्याला डोके वापरायची परवानगीच नाही. आपल्याकडे वीस आहेत हे दिसत असले तरी सतरावर त्याला थांबावेच लागते. प्रतिस्पर्धी विचार करत नसला की खेळाचे गणित होते. लांबलचक असेल, पण त्याला उत्तर असते.

ते उत्तर पहिल्यांदा नीट काढले ते जुगाऱ्यांनी नव्हे, अमेरिकी लष्करातल्या चौघांनी. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅक्डर्मॉट हे मेरीलँडमधल्या अबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड या लष्करी केंद्रात नोकरीला होते. बराकीत पत्त्यांचा फड बसायचा. लास वेगासमध्ये डीलरला सतरावर थांबणे बंधनकारक असते, हे तिथेच बाल्डविनच्या कानावर आले आणि गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या त्या माणसाच्या डोक्यात किडा वळवळू लागला. संगणक त्यांच्याजवळ नव्हता. होती ती कचेरीतली टेबलावरची आकडेमोडीची यंत्रे. फावल्या वेळात त्या यंत्रांवर सुमारे दीड वर्ष बेरजा-गुणाकार करून त्यांनी तक्ता पुरा केला आणि १९५६ मध्ये ‘जर्नल ऑफ द अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशन’मध्ये जेमतेम दहा-अकरा पानांचा लेख छापला. पुढे संगणकांनी तेच गणित पुन्हा केले तेव्हा दुरुस्त करण्यासारखे फारसे निघाले नाही. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. संपत्ती त्यांना मिळाली नाही. नाव झाले तेही पुष्कळ उशिरा.

त्यांनी काय केले, याचा एक घास चाखून पाहू. आपल्याकडे बारा आहेत आणि डीलरसमोर दुर्री. दुर्री हलके पान, म्हणून बहुतेकांना वाटते की गप्प थांबावे, डीलर आपोआप फुटेल. तपासू. बारावर थांबलो तर जिंकायची वाट एकच : डीलर फुटला पाहिजे. दुर्रीवरून डीलर शंभरात साधारण ३५ वेळा फुटतो. म्हणजे ३५ डाव आपले, ६५ त्याचे. प्रत्येक डावाला एक चिंचोका लावला तर शंभर डावांत ३० चिंचोके गेले. आता पान घेऊ. बारावर फुटायला दहाचेच पान यावे लागते. तेरा प्रकारच्या पानांपैकी अशी चार : दश्शी, गुलाम, राणी, राजा. उरलेली नऊ आपल्याला वाचवतात, काही तर छान उंचीवर नेऊन ठेवतात. पुढचा सगळा हिशेब केला की शंभर डावांत तोटा पंचविसाच्या आसपास येतो. म्हणून तक्ता म्हणतो : घ्या. समोर छक्की असती तर डीलर शंभरात ४२ वेळा फुटला असता आणि तक्ता म्हणाला असता : थांबा. बारा तेच, पण उत्तर उलटे.

दोन्ही वाटांनी तोटाच आहे, हे एव्हाना वाचकाच्या ध्यानात आले असेल. तक्त्यातले कितीतरी चौकोन असेच आहेत, आणि नवशिक्याची पहिली निराशा तिथेच होते. त्याला जिंकायचा मंत्र हवा असतो, हाती येतो तो कमी हरायचा मार्ग. दोन अठ्ठ्या आल्या आणि समोर दश्शी असली तर तक्ता सांगतो, फोडा. एका वाईट डावाचे दोन वाईट डाव कशाला करायचे, असे मुले हटकून विचारतात. कारण सोळा घेऊन पान मागितले तर शंभर चिंचोक्यांमागे ५४ जातात, आणि दुप्पट पैसे गुंतवून दोन डाव खेळलो तरी मूळच्या शंभरामागे ४८. सहा चिंचोके वाचले. वाचले म्हणजे मिळवले, हे आपल्या आजीला कोणी शिकवावे लागले नव्हते.

आता त्या मुलीच्या सोळाकडे. समोर दहा असताना सोळावर थांबलो तर शंभरात ५४ चिंचोके जातात. घेतले तर? तेही ५४च्याच आसपास. फरक दशांश चिन्हाच्या पलीकडे कुठेतरी आहे. सगळ्या तक्त्यात ज्या चौकोनावर सर्वांत जास्त भांडणे होतात तो चौकोन गणिताच्या दृष्टीने जवळजवळ बरोबरीचा! किंचित झुकते माप पान घेण्याला. डाव सोडायची मुभा असेल तर मात्र ५०वर सुटावे, ते या दोहोंपेक्षा बरे. आणि सोळा तीन-चार पानांनी झाले असतील, त्यात चव्वी किंवा पंजी खर्ची पडली असेल, तर पारडे फिरते आणि थांबणे बरे ठरते. आपल्याला हवी होती ती पाने आपल्याच हातात येऊन गेली ना! थोडक्यात, मुलीचे बरोबर होते. मुलाचे चूक होते, पण ती इतकी बारीक चूक की तिचा पुरावा मिळवायला त्याला जन्मभर खेळत बसावे लागेल.

तक्त्याची किंमत कळायला एका वेगळ्या खेळाडूची कल्पना करा. तो डीलरची हुबेहूब नक्कल करतो : सोळापर्यंत घेतो, सतरावर थांबतो. दोघांचे नियम सारखे, मग जिंकणार कोण? डीलर. कारण आपण आधी फुटतो. दोघेही शंभरात साधारण २८ वेळा फुटतात, म्हणजे सुमारे आठ डावांत दोघेही फुटतात, आणि त्या आठ डावांचे पैसे डीलर आधीच खिशात घालून बसलेला असतो. ब्लॅकजॅकच्या दीडपटीतून दोन-सव्वादोन परत येतात. निव्वळ तोटा शेकडा साडेपाच ते पावणेसहा. मूलतंत्राने खेळणाऱ्याचा तोटा, नियम बरे असतील तर, शेकडा अर्ध्याच्या आसपास. ही पाचाची बचत कुठून येते? दुप्पट कधी करायचे, जोडी कधी फोडायची, बारा-तेरावर कधी हात आखडायचा, आणि एक्का-सत्तीचे अठरा हाती असूनही समोर नव्वी दिसल्यावर पान का मागायचे, यातून. हे शेवटचे पटवायला मला दर वर्षी अर्धा तास जातो.

अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ काहीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. आणि उलट, तक्ता पाठ केला म्हणजे आज संध्याकाळी फळ दिसेल असेही नाही. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९५८ च्या डिसेंबरात लास वेगासमध्ये बाल्डविन आणि मंडळींचा तक्ता एका छोट्या कार्डावर उतरवून नेला होता. दहा डॉलर घेऊन बसला आणि साडेआठ हरून उठला. शंभर डावांत प्रत्येकी एक चिंचोका लावला तर मूलतंत्राने अपेक्षित तोटा अर्धा चिंचोका, पण दैवाचा हेलकावा दहा-बारा चिंचोक्यांचा, या बाजूला किंवा त्या. दहा हजार डावांत तोटा पन्नास, हेलकावा सव्वाशेच्या आतबाहेर. म्हणजे एवढे खेळूनही काही जण फायद्यात दिसतील आणि स्वतःला हुशार समजतील. थॉर्प हरला तरी वैतागला नाही. परत आला, पुढे एमआयटीत आयबीएम ७०४ या संगणकावर गणित बसवले आणि १९६१ मध्ये दाखवून दिले की वाटून गेलेली पाने परत कॅटात येत नसल्याने उरलेल्या पानांवरून पारडे कधी आपल्याकडे झुकते ते ओळखता येते. त्याचे ‘बीट द डीलर’ १९६२ मध्ये आले आणि पाने मोजणाऱ्यांचा पंथच सुरू झाला.

ऑनलाइन ब्लॅकजॅकमध्ये त्या पंथाला जवळजवळ जागा नाही. पडद्यावरच्या खेळात संगणक बहुधा प्रत्येक डावाला कॅट नव्याने पिसतो. मागच्या डावात चार एक्के गेले असले तरी पुढच्या डावात चारही हजर. लक्षात ठेवण्यासारखे काही उरतच नाही. म्हणजे तंत्रज्ञानाने आपल्याला पुढे नेले खरे, पण गणिताच्या दृष्टीने १९६२ वरून १९५६ वर आणून सोडले : थॉर्प रजेवर, बाल्डविन कामावर. जे काही करता येण्यासारखे आहे ते सगळे तक्त्यात आहे. कॅमेऱ्यासमोर खरा माणूस खरी पाने वाटतो तो प्रकार थोडा निराळा, त्याचा विचार स्वतंत्र प्रकरणात केला आहे.

पिसण्याविषयी लोकांच्या मनात शंका असते आणि ती अगदीच वेडगळ नाही. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकर खेळाचा पिसण्याचा प्रोग्राम तज्ज्ञांनी तपासला तेव्हा त्याची सुरुवात घड्याळावरून होते असे निघाले. मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले, त्यावर पुढचे सगळे ठरणार. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. बावन्न पानांच्या मांडण्या मात्र इतक्या की तो आकडा लिहायला ६८ अंक लागतात. त्या अफाट ढिगातून हा खेळ चिमूटभरच मांडण्या देत होता. तज्ज्ञांनी उघडी पाने पाहून झाकलेली ओळखून दाखवली. आज परवाना देणारी सरकारे हे प्रोग्राम प्रयोगशाळांतून तपासून घेतात. परवान्याशिवाय चालणाऱ्या खेळाला तक्ता लावणे म्हणजे बनावट काट्यावर अचूक वजन करणे.

प्रामाणिक खेळातही दोन गोष्टी तक्त्याचा घास घेतात. पहिली बारीक अक्षरांत असते : ब्लॅकजॅकला ३:२ की ६:५? शंभर लावले तर दीडशे मिळणार की एकशेवीस? हातात ब्लॅकजॅक साधारण एकवीस डावांत एकदा येतो. दर एकवीस डावांना तीस रुपये कमी, म्हणजे डावामागे शेकडा १.४. महिनाभर घोकून तक्त्याने तोटा अर्ध्यावर आणला, तो एका ओळीने पावणेदोन-दोनवर नेला. म्हणून या पुस्तकात तक्त्याच्या आधी ‘नियमांचे पान कसे वाचावे’ हे प्रकरण आहे. कृपया ते गाळू नका. दुसरी गोष्ट वेग. भरलेल्या टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, फोनवर चारशेही होतात. दहा डॉलरच्या डावाला अर्ध्या टक्क्याने साठ डावांचा अपेक्षित तोटा तीन डॉलर, चारशेंचा वीस. तक्ता तोच, चूक एकही नाही, आणि खिसा सातपट वेगाने रिकामा होतोय.

याच जागी ‘विमा’ भेटतो. डीलरसमोर एक्का आला की पडद्यावर अदबीने विचारणा होते, विमा घेणार? झाकलेले पान दहाचे निघाले तर एकाला दोन. तेरा वेळा एकेक चिंचोका लावा. चार वेळा दहाचे पान निघेल, आठ चिंचोके येतील. नऊ वेळा एकेक जाईल. आठ आले, नऊ गेले. नाव विमा ठेवल्यामुळेच तो खपतो, पैज म्हटले असते तर कोणी ढुंकून पाहिले नसते. हरल्यावर रक्कम दुप्पट करत जायच्या युक्तीबद्दलही लोक विचारतात. शंभरापासून सुरुवात करून सलग सात डाव हरलात तर १२,७०० गेलेले असतात आणि आठव्याला १२,८०० काढावे लागतात, तेही शंभर रुपये जिंकायला. याहून जास्त जागा मी त्या युक्तीला देणार नाही.

कायद्याचेही स्पष्ट सांगतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सीने २०१३ मध्ये ऑनलाइन कॅसिनोला परवानगी दिली, त्यामुळे एडिसनच्या बाजूला राहणाऱ्या मराठी वाचकाला हा खेळ फोनवर राजरोस उपलब्ध आहे. पुण्यातल्या वाचकाला नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेला कायदा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. महाराष्ट्रात तर १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे. १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रणाचा कायदा झाला खरा, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. गोव्यात मांडवीवरच्या बोटींत टेबले आहेत, तो भाग वेगळा. हे पुस्तक कोणालाही पैसे लावायला सांगत नाही. पैशाशिवाय सरावाचे खेळ भरपूर आहेत, आणि चिंचोक्यांना कुठलाच कायदा आड येत नाही. मला धास्ती आहे ती अर्धवट वाचणाऱ्याची. तक्ता पाठ झाल्याने येणारा आत्मविश्वास तक्त्याच्या अर्ध्या टक्क्याहून कैक पटींनी महाग पडू शकतो, आणि खेळ सोडवत नाही अशी अवस्था झाली असेल तर गणित तिथे कामाचे नाही, माणसे आणि डॉक्टर लागतात.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक अख्खे सूक्त जुगारात घर घालवलेल्या माणसाचे आहे. ते सर्वांना आठवते. वनपर्वातल्या नलाख्यानातला दुसरा प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक होऊन राजा ऋतुपर्णाचा रथ हाकत असतो. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण एक नजर टाकून दोन फांद्यांवरची पाने आणि फळे सांगतो : फळे २,०९५. नळाला पटत नाही. घाईची वेळ असूनही तो रथ थांबवतो, झाड पाडतो आणि मोजतो. आकडा बरोबर निघतो, आणि मग तो ऋतुपर्णाकडून फाशांच्या मर्मासह ती विद्या घेतो. फाशांचे मर्म आणि मोजण्याची विद्या आपल्या पूर्वजांनी एकत्र ठेवली होती, याचे संख्याशास्त्रज्ञांनाही कौतुक वाटत आले आहे. मला कौतुक आहे ते नळाच्या हट्टाचे. राजाने सांगितले म्हणून त्याने मानले नाही.

तुम्हीही माझे आकडे मानू नका. पहिले प्रकरण डीलरवर आहे, कारण त्याला डोके लागत नाही आणि सुरुवात तिथूनच करावी. पण ते उघडण्यापूर्वी घरातला कॅट काढा, जोकर बाजूला ठेवा. राजा उघडा मांडा, उरलेली पाने पिसा आणि डीलरच्या नियमाने एकेक उलटत जा : सोळापर्यंत घ्यायचे, सतरावर थांबायचे. राजामागोमाग पहिलेच पान एक्का निघाले तर तो डाव मोजू नका. असे शंभर डाव होईपर्यंत, फुटला की एक रेघ. माझ्या वर्गात कोणाच्या रेघा विसाच्या आत येतात, कोणाच्या तिसाकडे जातात, आणि दोघेही वही घेऊन भांडायला येतात. मी दोन्ही वह्या एकत्र करायला लावतो, मग तिसरी, मग चौथी. सगळ्या वर्गाची बेरीज झाली की फळ्यावर शेकडा तेविसाच्या आसपासचा आकडा उतरतो. तोपर्यंत तास संपलेला असतो आणि चिंचोके बाकाखाली सांडलेले असतात.